चाळीस आठवड्यांची रेषा

आमच्या क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागे. जवाहरनगरात, सरकारी फॅक्टरीच्या वसाहतीत, चोवीस वर्षं काढली, पण भिंतीत सरकारने ठोकलेला एकच खिळा होता, त्यावर शंकराचा फोटो. मागच्या अंगणात मी लिंबू लावलं होतं. मुळं पाइपात शिरतील म्हणून इस्टेटवाल्यांनी ते उपटलं आणि वर माझीच सही घेतली. भाऊ भेटायला आला की गेटावर त्याचं नाव, गाव, कशाला आलात, किती वाजता जाणार. मला एकच हवं होतं. हे निवृत्त झाले की माझ्या माहेरी सिहोऱ्याला स्वतःचं घर. दोनच खोल्या असोत, पण त्या भिंतींना मी मनात येईल तेव्हा खिळे ठोकणार होते.

हे म्हणजे माझे मालक, टेकचंदजी. त्यांनी ते घर एका रेषेच्या भरवशावर ठेवलं होतं.

हे फॅक्टरीच्या तपासणी विभागात होते. तिथे काय तपासतात ते मला कधी सांगितलं नाही, सांगायची परवानगीच नव्हती. एवढंच ठाऊक, की नमुने मोजायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपके सरळ रेषेत आले की सगळं ठीक. रेषा जरा हलली की साहेब धावत येणार. चौऱ्याहत्तर साली यांची रेषा वर्षभर सरळ राहिली म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. हौसेने काचेची चौकट करून आणली, पण लावायची कुठे? ती ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवली, ती शेवटपर्यंत तिथेच.

एकोणऐंशी साली कानपूरहून बदलून आलेल्या एका साहेबांनी यांना शेअरचा नाद लावला. सिद्धनाथ बँक नावाची एक लहानशी बँक होती, दहा-बारा शाखांची. तिचे दोनशे शेअर यांनी घेतले. साहेबांनी रीतही शिकवली. दर आठवड्याचा भाव वहीत लिहायचा. मागच्या चाळीस आठवड्यांची बेरीज करून तिला चाळीसने भागायचं. नवा आठवडा आला की त्याचा भाव मिळवायचा आणि सगळ्यांत जुना वजा करायचा. रोजचा भाव उड्या मारतो, त्याचं ऐकायचं नाही. सरासरीची रेषा सावकाश चालते, तीच खरी. भाव रेषेच्या वर आहे तोवर शेअर धरून ठेवायचा, रेषेखाली उतरला की डोळे मिटून विकायचा. साहेब पुढे बदलून गेले, रीत आमच्या घरी राहिली.

क्लबाच्या वाचनालयात मुंबईचा पेपर येई. त्यातला भाव हे चिठ्ठीवर उतरवून आणत आणि रविवारी जेवणं झाली की ग्राफचा कागद जमिनीवर पसरत. वही माझ्या हातात. मी वाचायचं, "यायचा तेवीस, जायचा एकोणीस." हे हिशेब करून ठिपका देत. कागद संपला की पुढचा कागद मी भाताच्या शितांनी चिकटवून देई. लेकीचं लग्न झालं, फंडाचे पैसे त्यात गेले, ती सासरी गेली, पण रविवारचं वाचन काही चुकलं नाही. गुंडाळी उलगडली तर पुढच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि मी तिच्यावरून पाय उचलून चालायची.

खोटं कशाला बोलू? मलाही ती रेषा आवडायला लागली होती. ती चढत होती आणि आमच्या घरात दुसरं काहीच चढत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर सिहोऱ्याची बाबांची धानाची बांधी विकली गेली. माझा धाकटा भाऊ धनीराम माझा वाटा घेऊन स्वतः आला. म्हणाला, "बाई, रोडाच्या बाजूले दोन खोल्यांचं घर विकून राहिले. आत्ताच घेऊन टाक."

इकडे ह्यांनी कागद पसरला. "पाह्य, भाव रेषेच्या वर आहे. दोन वर्षं थांबलीस तं ह्याच पैशाच्या चार खोल्या होतीन. वरून स्लॅब."

मी रेषेकडे पाहिलं आणि मला चार खोल्या दिसल्या. मीच म्हणाले, "घ्या मंग शेअर." हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते हेच, आणि ते मी माझ्या तोंडाने केलं. एक्केचाळीस रुपयांनी आणखी चारशे शेअर आले.

त्यानंतर भाव हलला नाही. पुढच्या आठवड्याला एक्केचाळीस, त्याच्या पुढच्या आठवड्याला एक्केचाळीस. रेषा खालून हळूहळू त्याच्याजवळ येत गेली. पुढच्या पावसाळ्यानंतर तर यायचाही एक्केचाळीस आणि जायचाही एक्केचाळीस. भाव आणि सरासरी एकमेकांवर बसले.

हे कागदाकडे बघून हरखून जात. "असा तक्ता मी फॅक्टरीतपन नाई पाह्यला," म्हणत.

"येते तेच न जाते तेच," मी एका रविवारी वैतागून म्हणाले, "तं मी वाचू कायले?"

"रीत आहे. वाच."

"तुमसरच्या बाजारात धानाचा भाव सकाळी एक न संध्याकाळी एक. न ह्या बँकेचा वर्षभर हालला नाई? असं कुठं रायते काय?"

"तेच तं सांगून राहिलो! मजबूत आहे."

सरळ रेषेसाठी सरकारने ज्याला प्रशस्तिपत्र दिलं, त्याला बायकोने काय समजवायचं? मी गप्प बसले. आज त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

शहाऐंशीच्या ऑगस्टात हे निवृत्त झाले. क्वार्टर चार महिने ठेवता येणार होतं, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत. रोडाच्या बाजूचं ते घर नशिबाने अजून विकलं गेलं नव्हतं. घरमालक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. आम्ही शेअरची कागदं पिशवीत घालून नागपूरला बाबूलालकडे गेलो. तो दलाल, सगळे शेअर त्याच्याच मार्फत घेतलेले. सहाशे शेअर, एक्केचाळीस भाव. मी एसटीतच स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं होतं.

बाबूलालने मुंबईला फोन लावला. बराच वेळ हूं हूं करून खाली ठेवला.

"टेकचंदजी, घेनारा कोनीच नाई."

"नाई कसा? पेपरात एक्केचाळीस भाव आहे!"

"तो भाव नाई जी. तो शेवटच्या सौद्याचा आकडा आहे. सौदा नाई झाला तं पेपरवाले मागचाच छापतेत."

"शेवटचा सौदा कधीचा?" मी विचारलं.

"मुंबईवाला म्हन्ते चौऱ्याऐंशीचा, नोव्हेंबरचा." त्याने जाड रजिस्टर काढून पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि यांच्याकडे पाहिलं. "चारशे शेअर, एक्केचाळीस. हा तं तुमचाच सौदा आहे जी."

नव्वदाच्या वर रविवार मी आमचाच आकडा वाचत होते. आम्हीच एकदा बोललो होतो, आणि तेच आम्ही पुन्हा पुन्हा ऐकून खूश होत होतो.

"बाराले एक गिऱ्हाईक आहे," बाबूलाल म्हणाला. "पन शंभरच घेतो म्हन्ते."

"बारा?" हे ताडकन म्हणाले. "भाव रेषेखाली येऊ द्या, मंग पाहू."

बाबूलालने रजिस्टर मिटलं. मी कागदं परत पिशवीत भरली.

दिवाळी गेली. रोडाच्या बाजूचं घर लाखांदूरच्या एका मास्तरांनी घेतलं. धनीराम येऊन म्हणाला, "बाई, माह्या घरी तनीस ठेवाची खोली आहे, ते खाली करून देतो. राहा तुमी, हक्कानं राहा." तो मनापासून म्हणाला, तरी पेंढ्याच्या खोलीत राहायचं म्हणून मला रडू आलं. आता खिळा ठोकायला भावजयीला विचारावं लागणार होतं.

डिसेंबर लागला. सामान न्यायला ट्रक हवा, आणि ट्रकवाला काही रेषेवर चालत नाही. मी बाबूलालला कार्ड लिहिलं, शंभर देऊन टाका. ते यांच्यापुढे ठेवलं. यांनी न वाचता सही केली.

त्यानंतरच्या रविवारी अर्धं घर पोत्यांत बांधलेलं होतं. प्रशस्तिपत्र गोधडीत गुंडाळलेलं. तरी हे चिठ्ठी घेऊन आले, पोती बाजूला सारून कागद पसरला आणि म्हणाले, "वाच."

मी वही उघडली. "यायचा बारा," मी म्हणाले. "जायचा एक्केचाळीस."

दोन आकडे वेगळे येण्याची कितीतरी महिन्यांत ही पहिलीच वेळ. यांनी मन लावून हिशेब केला. सरासरी आली चाळीस रुपये सत्तावीस पैसे. त्यांनी ठिपका दिला. रेषा वाकलेली दिसलीसुद्धा नाही. मग त्यांनी भावाचा ठिपका द्यायला पेन्सिल खाली नेली, आणखी खाली नेली, कागदाच्या पार कडेजवळ. तिथे ठिपका दिला. एक्केचाळीस आमचाच होता. हा बाराही आमचाच, विकलेल्या त्या शंभर शेअरांचा.

"अवं," ते हळूच म्हणाले, "भाव रेषेखाली आला."

"हो."

"रीत तं रीत आहे." त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. उरलेले पाचशे शेअर तिच्यातच होते. "आता विकाचं."

"कोनाले?" मी विचारलं.