फवारणीच्या पंपात उरलेला घोट

मित्रांनो, मी एक जुना, पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप आहे. एके काळी माझी टाकी पिवळीधमक होती. आता माझ्या बुडाला भोक आहे. ते कसं पडलं, तेवढं ऐका.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून आजोबांच्या पाठीवर, असा माझा प्रवास झाला. आम्ही दोघं शेतभर हिंडलो, तणाचं औषध मारलं. "हा माझा उजवा हात," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा माझी छाती फुगे.

पुढे शेती खात्याची योजना आली. ओढ्याकाठी औषध मारणं थांबवायचं, तिथे झाडांचं कुंपण लावायचं. खर्च खातं देणार, पण तपासणीत रोपं जगलेली दिसली तरच. घरच्या सुनेने खेटे घालून ती योजना मिळवली. तिची लेक, जिला सगळे लाडाने खारूताई म्हणत, ओढ्याकाठच्या विहिरीचंच पाणी पीत होती, आणि त्या धास्तीने आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मला विसळून खुंटीला टांगलं. मी धूळ खात राहिलो. एके सकाळी रोपांना पाणी घालायची झारी फुटली आणि आजोबांनी माझ्यातच पाणी भरलं. मी हादरलो. माझ्या नळीच्या वळणात जुनं औषध अजून दडलेलं होतं. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

सून म्हणाली, यात औषध असायचं, नको. आजोबा हसले.

"सूनबाई, तुला दोरीतही साप दिसतो. अगं, तीनतीनदा विसळलाय. पिऊन दाखवू का?"

 तिची नजर मात्र माझ्यावरून हलेना.

फवारा सुटला, उन्हात इंद्रधनुष्याचे रंग चमकले, आणि खारूताई तोंडाचा आ करून त्याखाली धावली. मला थांबायचं होतं, पण दांडा दुसऱ्याच्या हातात होता. इतक्यात सुनेने झडप घालून माझी तोटी मुठीत दाबली. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"बाबा, बंद करा," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर ती कितीतरी दिवस लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसायची. पोरीला काही झालं नाही. पण पहिल्या रांगेतल्या रोपांची पानं पिवळी पडली, मग गुंडाळली. आजोबा रोज जाऊन ती पानं उलटून पाहायचे.

तपासणीच्या बाई आल्या, तेव्हा सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. आजोबाच पुढे झाले.

"रोपं चांगली होती. मी मारली. ही सांगत होती, मी हसण्यावारी नेलं."

बाईंनी ती रांग पदरच्या पैशाने पुन्हा लावायला सांगितली. ती जगली की अनुदान मिळेल.

बाई गेल्यावर आजोबांनी खिळा आणि हातोडा घेतला. मी चळचळा कापलो. एका घावात बुडाला भोक पडलं.

"आता यात कुणी पाणी भरायचं नाही," ते सुनेला म्हणाले. "तू झोप निवांत."

मित्रांनो, त्या भोकातून माझीही भीती गळून गेली. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला कुलपात ठेवा आणि त्यात दुसरं काही भरू नका. आणि घरातलं कुणी घाबरून काही सांगत असेल, तर हसण्याआधी एकदा नळीत काय उरलंय ते बघा.