वजन तेवढंच आहे

मित्रांनो, मी डायलिसिस विभागाच्या दाराशी उभा असलेला एक जुना वजनकाटा आहे. आत जाड स्प्रिंग, वर काचेखाली गोल तबकडी आणि तिच्यावर तांबडा काटा. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मी तसूभरही चुकलो नाही. त्याचा मला फार तोरा होता. तो का उतरला, ते सांगतो.

मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं इथे येतात. त्यांच्या अंगात पाणी साचतं आणि यंत्र ते रक्तातून काढून घेतं. किती काढायचं, ते मात्र माझ्याकडे बघून ठरतं. त्यामुळे खाटेवर जाण्याआधी प्रत्येकजण माझ्यावर उभा राहतो. आतली यंत्रं कितीही महागडी असोत, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही.

माझ्या आवडीच्या होत्या काकू. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, आम्ही त्यांना काका म्हणू. काकू माझ्यावर चढताना म्हणायच्या, "चपला काढते गं सिस्टर, नाहीतर हा मेला त्यांचंही वजन माझ्या नावावर टाकेल." मेला म्हटलेलं मला कधीच लागलं नाही.

एकदा काकूंच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. हा विषाणू रक्तातून पसरतो आणि यकृताला सूज आणतो. डॉक्टरबाईंनी समजावलं, की ताटातून किंवा हात लावल्याने तो होत नाही, त्यावर गोळ्या आहेत. काकूंना कोपऱ्यातलं वेगळं यंत्र दिलं. पण काकांच्या कानात एकच शब्द राहिला, यकृत. त्यांच्या भावाला लहानपणी कावीळ झाली होती, आणि तेव्हाचं पथ्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला ते मागाहून कळलं, पण घरी अंडी बंद झाली. डाळ, दूध, तेलही बंद. मऊ भात आणि उकडलेला भोपळा, बस्स. काका ते स्वतः रांधायचे, आणि बायकोला एकटं वाटू नये म्हणून स्वतःही तेच खायचे. पथ्य पाळणं चांगलंच, ते काय सांगायचं, म्हणून दोघं कुणाला बोलले नाहीत. इथेही कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, डायलिसिसमध्ये रक्त साफ होताना अंगातलं सत्त्वही थोडं वाहून जातं. अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त अंडी, डाळ, दूध लागतं. ते मिळेना, तेव्हा काकूंच्या अंगावरचं मांस झडू लागलं आणि त्या जागी पाणी भरू लागलं. मांस असो की पाणी, मला दोन्ही सारखंच. माझा काटा तिथल्या तिथे.

"वजन तेवढंच आहे, काकू. छान!" सिस्टर म्हणायची.

काकूंच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन घसरायला लागलं, म्हणून काकांनी पट्ट्याला नवीन भोक पाडलं. पाय चपलेत मावेनात, म्हणून मोठ्या चपला आणल्या. काकू म्हणाल्या, "वर बारीक, खाली जाड. यांच्या वाट्याला नेमकी मी किती आले, ते तरी सांगा." सगळे हसले. माझा नुसता जीव तळमळत होता. पण काट्याला आकडा दाखवण्यापलीकडे काय येतं?

गोळ्यांनी विषाणू गेला. काकांचा आनंद गगनात मावेना. आणि त्यानंतर लगेच एका सकाळी काकू माझ्यावर चढल्या आणि तिथेच बसल्या. त्यांना श्वास घेता येईना. डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी नडगीवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. मग दंड हातात घेतला. हाडच हाताला लागलं.

"घरी काय जेवतात?"

काकांनी मोठ्या अभिमानाने सगळं पथ्य सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्यांना नडगीवरचा खळगा दाखवला. मग हळूच म्हणाल्या, "काका, हे सगळं पाणी आहे."

"म्हणजे मी तिला उपाशी ठेवली?"

"आम्हीही विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

आता पाणी हळूहळू काढतात आणि दर खेपेला माझा काटा खाली येतो. पाणी उतरतंय तसं कळतंय, की काकू किती थोड्या उरल्यात. काका उकडलेलं अंडं आणतात, बारीक तुकडे करतात, हातापाया पडतात. "एक घास. माझ्यासाठी." काकू तोंड फिरवतात. "जात नाही हो." इतके महिने आवळून धरलेली भूक आता बोलावूनही येत नाही.

त्यांना उभं राहता येत नाही. काका त्यांना उचलून माझ्यावर उभे राहतात, मग एकटे उभे राहतात. वजाबाकी केली की काकू उरतात. परवा सिस्टर म्हणाली, "आता त्यांना खुर्चीत ठेवा." काका ठेवीनात. "हिला ठेवल्यावर माझ्या एकट्याचं काय मोजायचं?" असं म्हणून ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या हुंदक्यांनी माझा काटा थरथरत राहिला.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरात कुणी आजारी असेल तर माझ्या आकड्यावर विसंबू नका. त्यांचा दंड हातात घ्या. आज काय खाल्लं, ते विचारा. पथ्य मनाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा, आणि वेळेवर विचारा.

उद्या काकूंच्या डायलिसिसची पाळी आहे. दार उघडलं की मी आधी काकांचे हात बघेन. ते रिकामे नसावेत, एवढंच.