यादीत हॉटेल हाय, पत्रिकेत मामा न्हाई

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. पण ह्या खेपेचा राग रास्त होता. तुम्ही ऐका आन् मग बोला.

माझ्या सख्ख्या भाचीचं, अंकिताचं लग्न. मुलगा इंदूरचा, सत्यजीत, आपल्याच समाजातला. साखरपुडा तिकडंच झाला. मला टायफॉईड झाला होता, म्हणून जाता आलं न्हाई. मग एक दिवस आमचे दाजी, म्हंजी अंकिताचे वडील भिमाजी, मांडवगण फराट्याहून पत्रिका घेऊन माझ्या हॉटेलावर आले. मी चहा पाजला, पत्रिका उघडली. खाली नावांची ही लांब रांग! सरपंच हाय, माजी सरपंच हाय, कारखान्याचे संचालक हायत, बोअरच्या गाडीचा मालकसुद्धा हाय. आन् मामा? मामाचं नाव कुठंच न्हाई!

"दाजी, माझं नाव?"

दाजींनी पत्रिका सुलटी केली, उलटी केली. "आयला! बाहेरच्यांची नावं राहू नयेत म्हणून ती आधी लिहून दिली, तुमचं राहिलंच की हो. पण संपतराव, तुम्ही तर घरचेच."

घरचेच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी कोण उभं राहतं? संचालक? मी तिथंच सांगितलं, पत्रिकेत मामा न्हाई तर मांडवातबी मामा न्हाई. त्या दिवसापासून गिताताईचा फोन घेतला न्हाई. माझ्या सख्ख्या बहिणीचा! अंकिताचे तर अकरा फोन आले. तेबी घेतले न्हाईत. मोजले मात्र.

लग्नाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, इंदूरची गाडी हॉटेलासमोर थांबली. दौंडातून शिरूरकडं निघालं की माझं हॉटेल डाव्या हाताला लागतं. गाडीतनं नऊ जण उतरले. पुढं एक पन्नाशीच्या बाई, हातात मोबाईल. त्या नवरदेवाच्या आत्या, सुषमाताई.

"हेच ना ते मटण-भाकरीचं हॉटेल? आमच्या होणाऱ्या सूनबाईंनी पाठवलंय."

मोबाईल त्यांनी माझ्यापुढंच धरला. बाहेरगावच्या पाव्हण्यांसाठी अंकितानं यादी करून धाडली होती. सकाळी सिद्धटेकचं दर्शन, परवा रांजणगावचा गणपती, मग निघोजला नदीतले रांजणखळगे, वेळ राहिला तर मोराची चिंचोली. चौफुल्याच्या लावणीचं नाव नव्हतं, पोरगी शहाणी. आन् जेवणाच्या रकान्यात एकच ओळ, माझ्या हॉटेलाची. पुढं लिहिलं होतं, 'इथं जेवल्याशिवाय गावात येऊ नका.' हॉटेलवाला कोण लागतो, ते काय लिहिलं नव्हतं.

मी मनात म्हणलं, व्वा रे यादी! हॉटेल चालतं, मामा चालत न्हाई.

आत जाऊन नौशादला सांगितलं, "दाजीचे पाव्हणे आलेत. रश्श्याला असा झणका दे की इंदूरपर्यंत पाणी पीत गेले पाहिजेत."

नौशाद माझ्याकडं बारा वर्षं चुलीवर हाय. त्यानं वर बघितलंसुद्धा न्हाई. "मालक, भांडण तुमचं हाय, मटण माझं हाय. माझ्या मटणाला नाव ठेवून कोणी जाणार न्हाई." आन् रोजच्यासारखंच केलं त्यानं, वर लिंबू जास्तीचं दिलं.

पाव्हणे तुटून पडले हो! बाजरीची भाकरी कुस्करून खायची कशी, ते मीच शिकवलं. काय करता, ताटावर बसलेल्या माणसावर मला रागावता येत न्हाई. तीन भाकरी झाल्यावर सुषमाताई हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही इथलेच ना? मुलीकडची माणसं कशी आहेत हो?"

घ्या! आयती संधी. दाजींची सगळी लक्तरं बाहेर काढायला मी तोंड उघडलं आन् तोंडातनं निघालं, "पोरगी सोनं हाय. आईबी गरीब स्वभावाची. वडील जरा विसरभोळे हायत, पण मनात काय ठेवत न्हाईत." माझं मलाच नवल वाटलं. पण त्या माणसांत पोरीला जन्म काढायचा होता, मी काय बोलणार?

"तेच आम्हीही म्हणतो," सुषमाताई म्हणाल्या. "एकच वाईट वाटतं बघा. बिचारीला मामा नाही."

"काय न्हाई?"

"मामा वारले ना तिचे. पत्रिकेत नाव नाही, साखरपुड्यालाही कोणी नव्हतं. म्हणून मग आम्हीच ठरवलं, उद्या आमचे हे तिच्या मागे उभे राहतील."

'हे' म्हंजी समोर बसलेले दत्ताभाऊ. चांगले धिप्पाड, हातात नळी धरून चोखत होते. माझ्याकडं बघून मान डोलावली त्यांनी. "पुण्याचं काम आहे हो. बिनमामाची मुलगी."

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत न्हाई. मी खांद्यावरचं फडकं टेबलावर आपटलं. "कोण मेलं? मी मामा हाय तिचा! जिता हाय! ही भाकरी काय माझ्या भुतानं वाढली व्हय?"

दत्ताभाऊंच्या हातातली नळी ताटात पडली. शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले तेवढे हसले.

सुषमाताई उभ्याच राहिल्या. "माफ करा हो. पण आम्ही मुलीला विचारलं होतं. फोनवर म्हटलं, बेटा, मामा आहेत ना? तर ती काही बोललीच नाही. नुसती रडायला लागली. मग आम्ही समजलो, गेले असतील. पुन्हा कसं विचारायचं?"

मी खाली बसलो. दाजींकडनं नाव राहिलं ते चुकून राहिलं. पण ते अकरा फोन मी जाणूनबुजून घेतले न्हाईत. माझी मलाच लाज वाटली.

नौशाद बाहेर आला, माझ्या कमरेचा ॲप्रन त्यानंच सोडला. "जावा मालक. हॉटेल मी बघतो. आन् त्या दत्ताभाऊंच्या शेजारी बसू नका, भांडाल."

पाव्हण्यांच्या गाडीत मागच्या सीटवर मला जागा मिळाली. चारच्या सुमारास मांडवगणला पोचलो. दारात दाजी होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. "संपतराव, चुकलं हो माझं."

"तुमच्याशी अजून बोलत न्हाई मी," म्हणलं. "पोरीकडं आलोय."

अंकिता मांडवात पाटावर बसली होती, तोंडभर हळद. मला बघून उठली न्हाई, हसली न्हाई. मी म्हणलं, "का गं, मामा जिता हाय एवढं सांगता येईना तुला?"

"ते सांगता येत होतं मामा," ती म्हणाली. "पण मग त्या आत्या विचारणार, लग्नाला येणार ना? त्याला काय सांगायचं होतं मी?"

मी तिच्यापुढं खाली बसलो. तिनं हळदीचे दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले आन् तशीच धरून राहिली.

"उद्या वेळेवर येशील ना?" तिनं विचारलं.

"येतोय कुठनं," मी म्हणलं. "आज इथंच झोपणार हाय."