ग्राहक समाधानी

"बघा बघा, आजी आशीर्वाद देतेय!" ओमकारने स्पीकर मोठा केला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत झळकत होतं: ग्राहक समाधानी, तक्रार बंद. स्पीकरमधून थकलेला आवाज आला, "बरं बाळा. सुखी राहा हं." क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या.

मला तो आवाज समाधानी वाटला नाही. जागेवर येऊन मी अख्खं संभाषण ऐकलं.

आमची कंपनी हैदराबादमधल्या इमारतींच्या लिफ्टच्या तक्रारी घेते. फोनवर बोलतो तो एजंट, म्हणजे यंत्र. त्याच्या हाती टूल्स दिलेली असतात: तक्रार नोंदव, मेकॅनिक पाठव, तक्रार बंद कर. कुठलं टूल कधी वापरायचं, त्याचं वर्णन मी लिहिते. यंत्र बिचारं तेवढंच वाचतं आणि त्यावर आंधळा विश्वास ठेवतं. 'तक्रार बंद कर'पुढे मी लिहिलं होतं, 'लिफ्ट चालू झाली असं रहिवाशाने स्वतः सांगितलं, तरच वापर. तो भिडेपोटी गप्प बसला, तर वापरू नकोस.'

बोलत होत्या त्या विद्यानगरच्या कुसुमताई, चौथा मजला. "अरे बाळा, ह्यांचा धाकटा भाऊ गेला रे सकाळी. काचीगुड्याला न्यायचंय ह्यांना, शेवटचं तोंड तरी बघू दे. ह्यांचं अर्धं अंग गेलंय, जिना उतरवत नाही."

"आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. आणखी काही मदत करू?" एजंट म्हणाला. त्यावर तो आशीर्वाद. आपल्याकडच्या बाया घर पेटलेलं असलं तरी आशीर्वाद देऊनच फोन ठेवतात, हे त्या यंत्राला कुणी सांगायचं?

मी सांगितलं होतं की! वर्णन उघडलं, तर माझी वाक्यं गायब. तिथे एकच ओळ: 'रहिवासी गोड बोलून फोन ठेवू लागला, की वापर.' शी! शेणात हात पडल्यासारखं वाटलं.

"ओमकार, हे कुणी बदललं?"

"मीच, अपर्णामॅडम. तुमचं वाचून एजंट एकही तक्रार बंद करेना. उघड्या तक्रारींनी डॅशबोर्ड सगळा लाल!"

"लिफ्ट बंद आहेत, तर लालच दिसणार ना! ती तक्रार आधी उघड. त्यांच्या घरात मयत झालंय."

ओमकार जन्मापासून नारायणगुड्यातला, बोलणं पक्कं हैदराबादी; बंद तक्रार पुन्हा उघडणं त्याच्याच हातात. "आता नक्को ना मॅडम. क्लायंट जेवायला थांबलाय, आत्ता लाल दिसलं तर गेलो आपण. संध्याकाळी उघडू, हौ?"

"मयत थांबणार आहे का रे तुझ्या क्लायंटसाठी?"

तो हसला. खरंच हसला, मेला. आतून बिर्याणीचा वास येत होता.

मेकॅनिक सुरेशला फोन लावला. "ताई, इथं क्लोज दिसतंय. ओपन असल्याशिवाय स्टोअरवाला पार्ट देत नाही. नुसता येऊन काय करू?" त्याचंही खरंच होतं.

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून ओमकारच्या टेबलावर टाकलं आणि रिक्षा केली. निदान कुसुमताईंच्या नवऱ्याला खुर्चीत बसवून खाली आणता येईल, एवढंच डोक्यात होतं. इमारतीच्या वॉचमनला बरोबर घेऊन धापा टाकत चौथा मजला गाठला.

कुसुमताईंनी दार उघडलं. "लिफ्टच्या का तुम्ही? त्या मुलाला रागावू नका हं. फार गोड बोलला."

त्या क्षणी ओमकार समोर असता, तर थुंकले असते त्याच्यावर.

त्यांचे यजमान एकनाथराव चाकांच्या खुर्चीत तयार बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर हार. "आम्ही दोघं धरतो, सावकाश उतरू," मी म्हणाले. तेवढ्यात कुसुमताईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "अहो, निघाले ते लोक भाऊजींना घेऊन."

एकनाथरावांनी मांडीवरचा हार बाजूला ठेवला. मग मला विचारलं, "काचीगुडा कुठल्या बाजूला येतं हो इथून?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. वॉचमनने खुर्ची तिकडे वळवली. एकनाथरावांनी उजवा हात छातीशी नेला. डावा मांडीवर तसाच पडून होता. कुसुमताईंनी तो उचलून उजव्याला जोडला आणि दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.