नेढ्याखालचा माणूस

भीमराव रणपिसे यांनी सरकारी नोकरीत जन्मभर राग गिळला होता आणि निवृत्तीनंतर त्यांना त्याचा कंटाळा आला होता. तरी त्या रविवारी विश्रांतवाडीहून रिक्षानं निघताना ते खुशीत होते. शेजारी थोरली बहीण, चंपाअक्का. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून ती मुद्दाम गावाहून आली होती.

कारणही तसंच होतं. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात भीमरावांना एक चित्र सापडलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं काढून छापलेलं, त्यांच्याच वेळवाडीचं नेढं. कड्याला आरपार पडलेलं भलंथोरलं भोक, त्यातून दिसणारं आभाळ आणि खाली पायथ्याशी टेकलेला एक माणूस. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. ती काठी म्हणजे गावच्या महाराची ओळख, आणि वेळवाडीत ती रणपिशांच्याच घरी असायची. पुढे छप्पन साली घरानं बुद्धाचा मार्ग धरला, काठी गेली. पण खापरपणजोबानं साहेबाला नेढ्यावर नेलं होतं, ही गोष्ट राहिली. अक्कानं ती नातवंडांपर्यंत पोचवली होती.

आता तो माणूस चित्रात होता, पण नखाएवढा. अक्काचे डोळे अधू. भिंग लावूनही तिला नुसता ठिपका दिसायचा. म्हणून कसब्यातल्या एका गिरिभ्रमण मंडळानं प्रदर्शनासाठी चित्र मागितलं, भिंतभर मोठं करून लावू म्हणाले, तेव्हा भीमरावांनी एका पायावर होकार दिला.

"अक्का, तिथं तो हातभर दिसेल. तोंड बघून घे त्याचं," असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

सभागृहात शिरल्या शिरल्या नेढं समोरच आलं. छतापासून जमिनीपर्यंत दगडच दगड, चीर न् चीर स्पष्ट. भीमरावांची नजर तडक पायथ्याशी गेली. पायथ्याशी गवत होतं. नुसतं गवत.

"कसं वाटतंय काका?" शौनक पुढे आला. चित्र मोठं करण्याचं काम या पोरानंच केलं होतं. "केवढे स्क्रॅचेस होते, बुरशीचे डाग होते. सगळं क्लीन केलं."

"इथे एक माणूस होता."

"हो, ती फिगर! आपली थीम प्युअर नेचर आहे ना, ती डिस्ट्रॅक्ट करत होती. रिमूव्ह केली. बघा, कळतसुद्धा नाही."

हे तो कौतुकाच्या अपेक्षेनं सांगत होता. भीमरावांची कानशिलं तापली. बुरशी पुसली, ओरखडे पुसले आणि त्याच फडक्यानं त्यांचा माणूसही पुसला!

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष गोपाळकृष्ण शाल-नारळ घेऊन आले. चित्र दिल्याबद्दल सत्कार. भीमराव नको नको म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडलीसुद्धा, नारळ हातात आला, चार टाळ्या वाजल्या.

"अध्यक्ष, तो माणूस आमचा पूर्वज होता."

"असेल हो. पण कुणीतरी वाटाड्याच ना? निसर्गापुढे माणूस क्षुद्रच, रणपिसे."

"अस्सं? मग या कोपऱ्यातली साहेबाची सही का ठेवलीत? ती नाही वाटली डाग?"

गोपाळकृष्णांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सही ठसठशीत होती. शौनकनं तर ती जरा गडदच केली होती.

"अहो, ती तर चित्रकाराची..."

"ज्याच्या मागून साहेब वर चढला, तो पुसला. चढलेला ठेवला. शाबास!"

इकडे अक्का चित्राला नाक लावून उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत चाचपून झालं होतं.

"भीमा, कुठं हाय रं त्यो? मला काय दिसंना."

भीमरावांना क्षणभर वाटलं, खोटं सांगावं. डोळ्यांवर ढकलावं. मग त्या विचाराचीच त्यांना चीड आली. तिचे डोळे का म्हणून दोषी?

"तुझ्या डोळ्यांचा दोष नाही अक्का. यांनी पुसलाय त्याला."

अक्कानं भावाच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली, नेढ्याच्या पायथ्याशी फरशीवर अंथरली आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्यावर बसली. बरोबर तिथेच, जिथे घोंगडीवाला असायला हवा होता.

माणसं थबकली. मोबाइल खाली आले. शौनक वाकून हळूच म्हणाला, "आजी, प्लीज जरा बाजूला बसता का? लोकांना फोटो काढायचाय."

"काढा की," अक्का म्हणाली. "आन् घरी गेल्याव मला बी पुसा."

भीमरावांनी नारळ अध्यक्षांच्या हातात परत दिला आणि बहिणीशेजारी मांडी घालून बसले.