आचल बाप झाली तवा

मले कोनी इचारलं तं मी सरळ सांगीन, त्या खेळानं माह्या पोरीचं नुकसान केलं. माया मॅडमचा दोष नाई बाप्पा. बाई अचलपूरची, आमच्या गावच्या शाळेत दहावीले विज्ञान शिकवते, लय जीव लावून शिकवते. पन मानसाले राग कोनावर तरी काढाव लागते ना!

झालं असं. आमच्या वावरात सोलर पंप बसला तवा अकोल्याहून प्लेटा बसवाले लोकं आले होते, अन् त्यायच्यात एक पोरगी होती. हातात पाना, कमरेले टेस्टर. चढली वरती अन् लागली नट कसाले. माही आचल दिवसभर तिच्या मांगं मांगं. आचलच्या बाबायनं त्या पोरीले सोताच्या हातानं चहा देल्ला. म्हने, "शाबास पोरी, मायबापाचं नाव काढलं." मी माह्या कानानं ऐकलं हे. तवापासून आचलच्या डोक्यात एकच, दहावी झाली की अमरावतीले आयटीआय, सोलरचा कोर्स. पंप बंद पडला की हाच मानूस आवाज देते, "आचल, पाह्य वं, काहून नाई चालून राहिला." पोरगी जाते, प्लेटा पुसते, वायरी पाह्यते, पानी सुरू करून येते. अन् कोर्सचं नाव काढलं की म्हने, "पोरी काय खांबावर चढते का?" आता बोला!

मॅडमनं वर्गात चिठ्ठ्यायचा खेळ सुरू केला होता. कोन्या चिठ्ठीवर बाप, कोन्या चिठ्ठीवर माय, पोरगी, पंपवाला. पोट्ट्याले पोरीची चिठ्ठी निंघाली तं त्यानं पोरगी व्हाव, पोरीले बापाची निंघाली तं तिनं बाप. घरात सोलर आलं तं कोन काय करन, कोनाचं चालन, ते करून दाखवाव. इजेचं काम बाईमानसाचंबी हाये हे लेकरायले समजाव म्हनून. पहिल्याच दिवशी पोट्टे म्हनले, "मॅडम, पोरीले स्लॅबवर चढता येत नाई, प्लेटा कशा पुसतीन?" आचल म्हने, "मंग उन्हाळ्यात कुरड्या कोन वाळू घालते रे, तुहा बाप?" घरी येऊन तिनं सांगतलं तवा मी पोट दुखेस्तोर हसली.

मंग जानेवारीत मॅडमनं मायबापायले खेळ पाहाले बोलावलं. मीच यायच्या, आचलच्या बाबायच्या, मांगं लागली. मले वाटलं, कानानं ऐकत नाई तं डोळ्यानं पाहून तरी समजन या मानसाले. कापसाचा वेचा सोडून आमी दोघं शाळेत जाऊन बसलो.

आचलले चिठ्ठी निंघाली बापाची. पोरीची निंघाली जीवनले, खुशालरावच्या पोट्ट्याले. त्यानं बहिनीची ओढनी घेतली अन् लाजून उभा राह्यला. लोकं हसून हसून बेजार. अन् आचल! तिनं मानसावानी गळ्यात दुपट्टा टाकला, खुर्चीत पाय फाकवून बसली अन् तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागली. हातात काहीच नव्हतं, नुसतं घोटनं. मधातच डावा डोळा बारीक करून खाकरली. अवो माय, हुबेहूब तिचे बाबा! सारे वळून आमच्याकडं पाहू लागले. हे तं खुर्चीतून पडतीन असे हसून राहिले होते.

जीवननं आवाज बारीक केला. "बाबा, मले सोलरचा कोर्स कराचा हाये. अमरावतीले जाऊ का?"

आचलचा हात थांबला. मनात म्हटलं, हो म्हन बाई, हो म्हन, सारं गाव पाहून राहिलं, आता यायच्यानं मांगं फिरनं होनार नाई.

"कायले?" आचल बोलली. तोच आवाज, यायचाच. "घरात काय कमी पडलं तुले? उद्या लोकं म्हनतीन, गजेंद्रनं पोरगी खांबावर चढवली. बारावी कर गुपचूप, मंग पाहू."

मॅडम बाजूलेच उभ्या होत्या. हळूच म्हनल्या, "आचल, बेटा, आपल्याला बदल दाखवायचा आहे ना? हो म्हण."

"मॅडम, माहे बाबा हो नाई म्हनत," आचल म्हने. अन् यायच्याकडं पाहत राह्यली.

मी यायच्या तोंडाकडं पाह्यलं. अन् यायनं टाळ्या वाजवल्या, जोऱ्यात. "वा रे पठ्ठे! एकदम माह्यावानी!" मंग साऱ्यायनंच वाजवल्या.

गाडीवर घरी येता येता म्हने, "पाह्यलं? पोरीले समजते, तुलेच समजत नाई." मी मांगं बसून रडून राहिली होती. वाऱ्यात यायले काय ऐकू येते!

दहावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले. मी भांडली, दोन टाइम जेवली नाई. अकोल्याहून माहा भाऊ श्याम समजवाले आला. पन साऱ्यायले एकच उत्तर, "अरे, तिनंच नाई म्हनलं, साऱ्या गावासमोर." असं करता करता ॲडमिशन बंद झाल्या. आता आचल वलगावले अकरावीले जाते, आर्ट्सले. पंप बंद पडला की अजूनबी यायचा आवाज येते, अन् पोरगी चुपचाप उठून जाते. पयलेसारखी तनतन करत नाई, तोंड वाकडं करत नाई. मले तेच पाहवत नाई.

परवा भाकरी थापता थापता माह्या तोंडून निंघूनच गेलं. म्हटलं, "अवं बाई, खेळच होता ना तो! हो म्हनली असती तं तुह्या बापाचं तोंड बंद झालं असतं. सोताच्या तोंडानं सोताचं कायले बुडवलं वं?"

आचलनं तव्यावरची भाकर पलटवली.

"आई, मी मुद्दामच नाई म्हनलं. मले वाटलं, सोताचं बोलनं ऐकून बाबाले खराब वाटन. वाटलं, ते उठतीन अन् म्हनतीन, मी असा नाई बोलत वं पोरी, तू जाय." तिनं भाकर तव्यावरून काढली. "मी किती वेळ पाहत राह्यली त्यायच्याकडं. अन् त्यायनं टाळ्या वाजवल्या."