मला ऐकू न आलेलं उत्तर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. काळा, दांडीवाला, पाठीमागचं झाकण हरवलेला. सेल पडू नयेत म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला कान आहेत, डोळे नाहीत. मी सांगतोय ते सगळं ऐकलेलं आहे, पाहिलेलं काहीच नाही. तेवढं लक्षात ठेवा.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा मी बुगनविल बेटावर, समुद्रकाठच्या कोइमाली गावात होतो आणि कोणीतरी स्लिपरने बांबू बडवत होतं. खरंच सांगतो. लहानमोठ्या नळ्या एकत्र बांधायच्या आणि त्यांच्या तोंडावर रबरी स्लिपर आपटायची. काय आवाज निघतो म्हणून सांगू! बडवणारा होता तारुको, माझा मालक. त्याची भाची अगाथा दिवसभर "मामा, मामा" करत त्याच्या मागे असायची, म्हणून मीही त्याला मामाच म्हणायला लागलो.

ते दिवस मजेचे होते. मामाचा बँड वाजायचा, मी तो टिपायचो आणि मग सगळे माझ्याभोवती बसून स्वतःलाच ऐकायचे.

"हा माझा आवाज? बेडूक ओरडतोय असं वाटतंय!" कोणीतरी म्हणायचं.

"बेडकाला सांगू नको, त्याला राग येईल," मामा म्हणायचा.

मग लढाई आली. कोणाची कोणाशी, ते मला आजही नीट कळलेलं नाही. गोळीचा आवाज दोन्ही बाजूंचा सारखाच येतो. मला बिस्किटाच्या डब्यात घालून रानातल्या झोपडीत ठेवलं. सेल मिळेनात. मामा जुनेच सेल उन्हात तापवायचा, मग मी दोन गाणी म्हणायचो आणि तिसऱ्यात माझा गळा बसायचा.

त्याच काळात एका सकाळी बंदूकवाले किनाऱ्यावर आले. माणसं रानात पळाली. तिघं सापडले, त्यांना बंदूकवाल्यांनी होडीत घातलं आणि नेलं. त्यातला एक अगाथाचा बाप. ते तिघं परत आले नाहीत. होडी मात्र आली, कारण होडी गावच्याच सेवेरीनची होती आणि चालवतही तोच होता.

सेवेरीन म्हणाला, "माझ्या मानेवर बंदूक होती. मी काय करणार?"

गाव म्हणालं, "होती कशावरून? पाहिली कोणी?"

पाहिली असेल तर एकट्या अगाथाने. तेव्हा ती सहा वर्षांची. शिंपले वेचायला गेली होती आणि केवड्याच्या झाडांमागे लपून राहिली होती. पण ती त्याबद्दल बोलायचीच नाही. आणि गावाने सेवेरीनला सुपारी देणं बंद केलं. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी सुपारी फुटते, चुना निघतो, मग बोलणं. ज्याला सुपारी मिळत नाही तो गावात असून नसल्यासारखा. त्याच्या होडीत कोणी बसेना. मामा तर त्याचं नाव निघालं की थुंकायचा.

लढाई थांबल्यावर एक परदेशी बाई आल्या. कुठे काय अत्याचार झाले ते लिहून घेत होत्या. त्यांचं यंत्र समुद्रात भिजलं, म्हणून मला मागून घेतलं. मामाची छाती फुगली. "न्या की! आमचा कधी खोटं बोलत नाही," म्हणाला.

शाळेच्या खोलीत, भर दुपारी, मला बाकावर ठेवलं. समोर अगाथा. बाईंना आमची बाजारात बोलायची भाषा चांगली येत होती, म्हणून दुभाष्या नव्हता. बटण दाबलं आणि मी कान उघडले.

"अगाथा, त्या दिवशी काय पाहिलंस?"

"सांग की गं," मामा मध्येच बोलला. "सेवेरीन हसत होता म्हणून सांग!"

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. "तिला तिचं बोलू द्या."

"बसतो बाहेर. पण माझ्या टेपवर चहा सांडू नका."

बाईंचं बरोबरच होतं. शेजारी मामा असता तर पोर मामाचंच बोलली असती. मामा गेला आणि मग मला पेनाची खरखर ऐकू यायला लागली.

"होडी कोणत्या रंगाची होती?"

"पिवळी."

मी चपापलो. सेवेरीनची होडी निळी. सगळं गाव तिला निळी होडीच म्हणतं.

"सेवेरीन होडीत होता?"

"होता."

"त्याच्या मानेवर कोणी बंदूक धरली होती का?"

यावर काहीच आलं नाही. माझी चाकं फिरत राहिली. पेन खरखरलं. बाईंनी तेच पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. छपरावर पक्षी चालत होता, तेवढं मी टिपलं.

"बाळा, उत्तर दे. बंदूक धरली होती का?"

"नाही," अगदी बारीक आवाज.

"नक्की नाही?"

"होती."

"होती की नव्हती?"

मग अगाथानेच विचारलं, "बाई, बरोबर उत्तर कोणतं?"

कॅसेट बाई घेऊन गेल्या. सात महिन्यांनी तिची एक नक्कल परत आली आणि सोबत पत्र. मामाने ते अडखळत मोठ्याने वाचलं. मुलीने होडीचा रंग चुकीचा सांगितला. मुख्य प्रश्नाला दोनदा उत्तर दिलं नाही, मग दोन्ही उत्तरं दिली. शेवटी विचारणारीलाच उत्तर विचारलं. तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही. म्हणजे सेवेरीन सुटलाही नाही आणि अडकलाही नाही.

"पोरीने सगळा गोंधळ घातला," मामा म्हणाला. ते अगाथाने ऐकलं. त्यानंतर तिचा आवाज मी फार दिवस ऐकला नाही.

खरं सांगू? गोंधळ माझ्यातही झाला होता. मी ते पुन्हा पुन्हा आठवायचो. पोरगी घाबरली होती का? विसरली होती? का बाईंना खूश करत होती? मी एक शब्दही गाळला नव्हता, तरी मला काही कळत नव्हतं.

दोन वर्षं गेली. एका रविवारी प्रार्थना आटोपून सगळे घरी आले आणि अगाथाची आई हेलेना माझ्यासमोर येऊन बसली.

"तारुको, ती टेप लाव. माझ्या पोरीच्या शब्दाला किंमत नाही म्हणतात. काय बोलली ते मला ऐकू दे."

"कशाला उकरतेस ताई?"

"लाव म्हटलं ना!"

मामाने अगाथाला शेजारी बसवलं आणि बटण दाबलं. पिवळी होडी झाली. सेवेरीन होता, झालं. बंदुकीचा प्रश्न आला आणि मग ती गप्प जागा.

"परत लाव," हेलेना म्हणाली.

"काय परत लाव? गप्प बसलीय ती. मुकेपणा ऐकणार आहेस का?"

"टेपकडे काय बघतोस गाढवा? पोरीकडे बघ."

मामाने परत लावलं. प्रश्न आला, गप्प जागा आली, आणि मामा असा ओरडला की माझं बटण आपोआप निसटलं.

"भुवया! अगं, भुवया उचलतेय ही!"

मित्रांनो, आमच्याकडे "हो" म्हणायला कोणी तोंड उघडत नाही. भुवया वर, झालं. दुकानदार तसंच करतो, पाद्रीबाबा तसंच करतात. इतकं अंगवळणी पडलेलं की ते कोणाच्या ध्यानातच येत नाही. बाईंना आमचे शब्द शिकवले होते, भुवया कोणी शिकवल्या नव्हत्या. त्यांची मान वहीत होती. आणि मी तर आंधळा.

"तेव्हाही अशाच उचलल्या होत्यास?" मामाने विचारलं.

पुन्हा शांत.

"तोंडाने बोल गं!" हेलेना रडत होती की हसत होती, मला ओळखता आलं नाही.

"हो, दोनदा," अगाथा म्हणाली. "तरी बाई परत विचारत होत्या. मोठं माणूस परत विचारतं म्हणजे आपलं चुकलेलं असतं ना? म्हणून मग दुसरं सांगितलं."

"आणि पिवळी होडी?"

"पिवळीच होती."

"अगं निळी होती!"

"मला पिवळी दिसली."

"झालं! घ्या आता," मामा म्हणाला. "इकडे जोडतोय तर तिकडे तुटतंय. हे बघ पोरी, तू आपली निळी म्हण..."

"तिला पढवू नको, तारुको."

तो आवाज खालच्या पायवाटेवरून आला. सेवेरीन किनाऱ्याकडे चालला होता, स्वतःचं नाव ऐकून थांबला होता. कधीपासून, देव जाणे.

"होडी निळीच होती," तो म्हणाला. "पण तिला पिवळी दिसली तर पिवळी राहू दे. बदलायला लावू नको."

कोणी बोलेना. असल्या शांततेत हल्ली माझा जीव घाबरतो. वाटतं, कोणीतरी काहीतरी बोलतंय आणि मला ते ऐकू येत नाहीये.

मग हेलेना म्हणाली, "बंदूक होती की नव्हती, मला माहीत नाही. माझा नवरा कुठे आहे तेही माहीत नाही. पण माझ्या पोरीने उत्तर दिलं होतं." मग खाली हाक मारली, "वर ये सेवेरीन. सुपारी घे."

लाकडी पायऱ्या करकरल्या. चुन्याच्या डबीचं झाकण निघालं. आणि कट्ट, सुपारी फुटली. मामा फोडतो तशी जोरात नाही, जरा हळू. इतकी वर्षं गावात कुणी त्याला न दिलेली.

नंतर मामाने कॅसेट उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर स्वतःच्या आवाजात सगळं सांगितलं. "मी तारुको. मीच सेवेरीनला सगळ्यांत जास्त शिव्या दिल्या, हेही लिहून घ्या," असं सुरुवातीलाच म्हणाला. ती कॅसेट बाईंकडे गेली. उत्तर अजून आलेलं नाही. आता त्या भुवयांना ते साक्ष मानतील का, मला सांगता येत नाही. आजच्या भुवया तेव्हाच्याच कशावरून, असंही विचारतील. विचारण्यात चूक नाही. माझंच डोकं अजून गरगरतं. पिवळी होडी कुठून आली, तेही मला सुटलेलं नाही. पण एक रंग चुकला म्हणून पोराचं सगळंच फेकून द्यायचं का?

मित्रांनो, मला जपा. माझ्या डोक्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसा, सेल काढून ठेवा. पण नुसत्या माझ्यावर विसंबू नका. लहान पोराला एवढं जड काही विचाराल, तेव्हा पुन्हा पुन्हा विचारू नका. आणि विचारताना वहीत बघू नका, त्याच्या तोंडाकडे बघा.